वरवंट्याला भोक

आई,

शारजात, अल मजाजच्या त्या बारशात वरवंट्याला जे भोक होतं, ते मी पाडलेलं नव्हतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता हे सांगून कुणाचं काही अडत नाही, हे मला कळतं. पण परवा दुबईत एका नव्या शोरूममध्ये माप घ्यायला गेलो होतो, तिथे काचेच्या शेल्फवर ओळीने वरवंटे उभे केलेले. आपले, स्वयंपाकघरातले, मसाला वाटायचे वरवंटे. प्रत्येकाच्या डोक्यावर बल्ब, बल्बावर तागाची टोपी, आणि खाली कार्ड : हेरिटेज लॅम्प. मी एकेक उचलून उलटा केला आणि बुडाचं भोक बघितलं. एकही मधोमध नव्हतं. सेल्सची मुलगी धावत आली, "सर, प्लीज, इट्स फॉर डिस्प्ले." म्हटलं, "मॅडम, मैं भी डिस्प्ले ही देख रहा हूँ. नीचे से." तिला काही कळलं नाही, आणि कळेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण गाडीत बसल्यावर तुझी आठवण आली, आठवणीमागून तुझ्यावरचा जुना राग आला, आणि आज सुट्टी बघून हे लिहायला बसलो.

तू माझ्या धंद्याला शेवटपर्यंत भंगार म्हणालीस. गावात कुणी विचारलं, मुलगा काय करतो, की तुझं ठरलेलं उत्तर : "शारजाला असतो. भंगारात आहे." शेजारणीचा मुलगा इथेच साइटवर शटरिंगच्या फळ्या उचलत होता, तो मात्र "कंपनीत". मी भंगारात नव्हतो. मी इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये गेटं वेल्डिंग करायला आलो, बाजूच्या यार्डात मोडीत निघालेल्या गलबतांचं पितळ आणि सागवान उन्हात पडलेलं बघितलं, आणि स्वतःच्या डोक्याने काम शिकलो. अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, माझं पहिलं टेबल बघितलं. जहाजाची गोल खिडकी, तिचीच काच वर, आणि खाली जुन्या सुकाणूच्या लाकडाचे पाय. तो टेबलाभोवती फिरला आणि म्हणाला, "हबीबी, ये तुमने बनाया? खलास, कल से गेट बंद." त्यानंतर मी गेट केलं नाही. पितळ घासताना कुठे थांबायचं, जुन्या सागाला पॉलिश न देता नुसतं तेल का द्यायचं, नवा स्क्रू जुन्या लाकडात किती फेऱ्यांनंतर कुरकुरायला लागतो, हे सगळं हाताला कळत गेलं. आजूबाजूचे दुकानदार तेव्हा नव्या लाकडावर ॲसिड ओतून, साखळीने चार फटके मारून त्याला "ओल्ड लूक" म्हणत होते. त्या रांगेत तू मला बसवलंस.

गिऱ्हाइकांबद्दल मात्र आपलं एकमत झालं असतं, तू कधी विचारलं असतंस तर. जुमेऱ्याच्या व्हिलांतल्या मडमा यायच्या. एकीला टाइपरायटरमध्ये निवडुंग लावायचा होता. चालता टाइपरायटर. मी कागद घातला आणि तिच्यासमोर तिचंच नाव टाइप करून दाखवलं, घंटीसुद्धा वाजली. "ओ, हाउ क्यूट," म्हणाली, "नाऊ टेक आउट द इनसाइड्स." दुसरीला शिलाई मशीनवर बेसिन हवं होतं. एक साहेब घोड्याचे नाल घेऊन आला, त्याला त्यांचा टॉयलेट पेपर लटकवायचा दांडा पाहिजे होता, आणि ही कल्पना आपल्यालाच सुचली ह्याचा त्याच्या तोंडावर केवढा आनंद! वस्तू म्हातारी झाली म्हणजे तिची लाजलज्जा संपली, तिच्याशी काहीही केलं तरी चालतं, असं ह्या लोकांना वाटतं. आपली माणसं काही वेगळी नव्हती. ती फक्त उशिरा आली आणि जास्त घासाघीस करायला लागली.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला. जी वस्तू अजून आपलं मूळ काम करू शकते, तिला भोक पाडायचं नाही. तिला टेकवायची, पितळी पट्टीने कवळायची, खाचेत बसवायची; उद्या कुणाला ती सोडवून घ्यावीशी वाटली तर जशी होती तशी हातात आली पाहिजे. हे फार अवघड काम आहे. भोक काय, ड्रिल हातात असलेला कुणीही पाडतो. आणि हे तुला ठाऊक नव्हतं असं तू म्हणू शकत नाहीस, कारण तो जहाजाचा कंदील. गावी येणाऱ्या एका माणसाच्या हाती मी तुला कंदील पाठवला होता, आत वायर, बल्ब, सगळं बसवून. महिन्याभराने गावातल्या दुकानाच्या फोनवर तुला बोलावून विचारलं, कंदील कुठे लावलास? म्हणालीस, "लावते की रोज संध्याकाळी. छान चालतो. रॉकेल कमी खातो." मी फोनवर ओरडलो, "रॉकेल? अगं, तो शोपीस आहे!"

"शोपीस म्हणजे काय रे?"

"म्हणजे नुसता ठेवायचा. बघायचा."

"बघितला. मग पेटवला. तुझा तो बल्ब सुटा करून डब्यात ठेवलाय, पुढच्या वेळी घेऊन जा."

दुकानदार मागून हसत होता, ते मला इथवर ऐकू आलं. मी फोन ठेवला आणि दोन दिवस बायकोशीही धड बोललो नाही. पण तेव्हाच एक गोष्ट मनात नोंदली गेली : तुला तो कंदील पुन्हा पेटवता आला, कारण मी त्याला कुठेही चरा पाडला नव्हता. बर्नरच्या जागी बर्नरच्याच मापाची बैठक करून बल्ब बसवला होता. तू पक्कड न घेता, नुसत्या हाताने तो सोडवलास. माझं काम तू तुझ्या बोटांनी उलगडून बघितलंस, आई. असं माझं काम दुसऱ्या कुणीही बघितलेलं नाही. आणि तरीही.

आता त्या वहिनी, ज्यांच्या घरी ते बारसं झालं. त्यांच्या नवऱ्याचा केटरिंगचा धंदा, ऑफिसांना आणि मजुरांच्या कॅम्पांना जेवण पुरवायचे. मुंबईहून डाळी-मसाल्यांचा कंटेनर यायचा, त्यात एकदा वहिनींनी माहेरचं जुनं सामान भरून आणलं. पाणी तापवायचा तांब्याचा बंब, घंगाळ, जातं, पाटा-वरवंटा, पानाचा डबा. त्यांची आई गेली होती आणि भावांनी घर पाडायला काढलं होतं. हे सगळं मी डोळ्यांत पाणी आणून ऐकावं अशा आवाजात त्यांनी सांगितलं, आणि मग पर्समधून कॅटलॉगची फाडलेली पानं काढली. बंबात मनी प्लांट. घंगाळात मासिकं. पानाच्या डब्यात टीव्हीचे रिमोट. जात्यावर काच टाकून सेंटर टेबल. जात्याचं टेबल मी केलं. वरची काच अशी बसवली की ती उचलून बाजूला ठेवली आणि खुंटा मारला की आजही त्यावर नाचणी दळता यावी. त्यांना ते दाखवलं तर म्हणाल्या, "कशाला हो भावजी, दळतंय कोण?" मग वरवंट्याचं पान पुढे केलं. उभा वरवंटा, सागाची बैठक, वर लॅम्पशेड, वायर दगडाच्या पोटातून. मी म्हटलं, पोटातून नको, मी पितळेची बारीक कमान करून देतो, वायर तिच्या मागून जाईल, वरवंट्याला धक्का नाही. "मागून दिसेल ना पण. ह्यात बघा, कुठे दिसतेय?" आणि बोट त्या पानावर आपटलं. मी म्हटलं, वहिनी, मी दगडाला भोक पाडत नाही. त्या हसल्या. "तुमचे नखरे फार." पानं घडी करून पर्समध्ये घातली आणि पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डरकडे गेल्या, ज्याने त्याच महिन्यात दुकानाच्या पाटीवर "इंटिरियर" हा शब्द रंगवून घेतला होता.

तू व्हिजिट व्हिसावर आलीस त्या थंडीत वहिनींच्या मुलीला मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण आपल्या सगळ्या घराला होतं, आणि तुला बायकांनी मुद्दाम पुढे बसवलं, कारण त्या हॉलमध्ये विधी नीट ठाऊक असलेली तू एकटीच. मी पुरुषांबरोबर बाल्कनीच्या दाराशी. पाळण्याला फुगे लावलेले, वहिनींचा नवरा दर दोन मिनिटांनी "यल्ला, यल्ला, जेवण गार होतंय" म्हणतोय, आणि तू विचारतेस, "वरवंटा कुठाय?"

सगळ्या बायका एकमेकींकडे बघतात. बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत तो पाळण्याखालून आणि वरून ह्या हातातून त्या हातात देतात, पाळण्यात निजवतात, आणि मग बाळ. जे काही यायचं असेल ते आधी दगडावर यावं आणि बाळ दगडासारखं टणक राहावं, म्हणून. हे सगळ्यांना ठाऊक, आणि त्या एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये वरवंटा एकीकडेही नाही. घरोघरी मिक्सर. एक म्हणाली लाटणं चालेल. दुसरी म्हणाली पेप्सीची बाटली गुंडाळू, कोण बघतंय. तू म्हणालीस, "बाटली निजवता होय पाळण्यात?" आणि मग तुझी नजर सोफ्याच्या कोपऱ्यातल्या दिव्यावर गेली. "हा काय वरवंटा."

वहिनींचा चेहरा मी तेव्हा बघितला. पण तू उठलीसही होतीस. प्लग काढलास, टोपी काढून बाजूला ठेवलीस. बैठकीचा स्क्रू चमच्याच्या दांडीने सोडवलास. वायर मात्र निघेना. ती पोटातून गेलेली, आणि दोन्ही टोकांना काळं सिलिकॉन भरून टाकलेलं. शेवटी तू वायरीसकट, बल्बाच्या होल्डरसकट वरवंट्याला टोपडं बांधलंस. पाळण्याखालून तो दिला-घेतला जाताना वायर मागे लोंबत होती. वहिनींचा धाकटा मुलगा ओरडला, "बट आजी, द बेबी हॅज अ प्लग!" सगळा हॉल हसला. वहिनींचा नवरा तर सोफ्यावर आडवा झाला. "चार्ज करून ठेवा हो पोरीला!"

तू हसली नाहीस. बाळ पाळण्यात घालून झालं, नाव ठेवून झालं, पाठीवर धपाटे झाले, आणि मग तू तो वरवंटा पुन्हा हातात घेतलास, उलटा केलास, बुडाशी बोट फिरवलंस. "ह्याला भोक कुणी पाडलं?" तू हॉलच्या ह्या टोकाला माझ्याकडे बघितलंस. मी काही बोलायच्या आत वहिनींकडे वळलीस आणि हात जोडलेस. हात जोडलेस, आई. "माफ करा हो बाई. माझ्या मुलाने पाडलंन हे. त्याला कळत नाही. जुनं दिसलं की कापतो, नाहीतर भोक पाडतो."

वहिनी काय म्हणाल्या ठाऊक आहे? तुझ्या समोरच होत्या त्या. म्हणाल्या, "असू दे हो आजी. चालायचंच." तुझी माफी त्यांनी घेतली. साडीचा पदर सारखा करत, मोठ्या मनाने, जशी काही त्यांचीच चीज होती ती, तशी घेतली. ह्या बाईबद्दल मला जे वाटतं ते लिहायला माझ्याकडे बरे शब्द नाहीत, म्हणून लिहीत नाही.

बायको माझ्या दंडाला चिमटा काढत होती. "अहो, सांगा ना. गप्प काय बसलात?" मी म्हटलं, "डोळे असतील त्याला दिसेल." आणि मी खरंच तसंच मानत होतो. जेवणाच्या गडबडीत मी तो उचलून बघितलाच : भोक वरून मधोमध सुरू झालेलं आणि खाली निघताना काठाशी निघालेलं. ड्रिल एका बाजूने दडपत नेलं की असंच होतं, बाहेर पडताना दगडाचा टवका घेऊन जातं. तो टवका उडालेला, त्यावर सिलिकॉन थापलेलं, आणि थापलेल्या सिलिकॉनवर त्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा. अंगठ्याचा ठसा! मी पाडलंय असं तू म्हणालीस ह्याचा राग नंतर आला. आधी राग आला तो हा, की मी इतकं भिकार काम करीन असं तुला वाटलं. माझा कंदील ज्या बोटांनी सोडवलास, त्याच बोटांनी तू तो टवका चाचपलास, आणि तुला फरक लागला नाही.

टॅक्सीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून म्हणालीस, "भोक पडलेला दगड पुढे घातला आणि लेकरू मागे. त्या पोरीला काही बाधणार नाही ना रे?" मी म्हटलं, "दगडाने काय बाधतंय, आई? तुमचं काहीतरीच." बायकोने चहा पुढे केला. तू म्हणालीस, नको, पित्त होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळीही नको. इथल्या दुधानेच होत असेल, असं म्हणून तू उरलेले दिवस गरम पाणी पीत राहिलीस, आणि मी पावडरचं दूध बदलून दुसऱ्या डब्याचं आणलं. तू, जिला चूल पेटायच्या आधी चहाची आठवण व्हायची. मला एवढं बारीक दिसतं, पितळेवरचा चरा दिसतो, पण हे दिसलं नाही, कारण मी तुझ्यावर रुसलेलो होतो आणि रुसवा सोडणार तर आधी तू, असं माझं ठरलेलं.

तू पुढच्याच मे महिन्यात गेलीस. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, ताईने माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "आईने चहा सोडलेला शेवटी, ठाऊक आहे ना तुला?" कशासाठी, म्हटलं. "शारजाच्या त्या पोरीसाठी. तिला वर्ष होईपर्यंत. म्हणायची, माझ्या मुलाच्या हातून झालंय, तर फेडायचं मीच. आजारपणात डॉक्टर म्हणाले, घोटभर द्या, तरी तोंड उघडलं नाही." ताई हे सांगताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती अगदी तुझीच होती. मी तिलाही सांगितलं नाही, की ते भोक माझं नव्हे. तेराव्याला आपली बाजू मांडत बसणारा माणूस मला आवडत नाही.

तर आज मांडतो. ते भोक माझं नव्हे. तू मला एकदा विचारायचं होतंस. सगळ्या हॉलसमोर नको, टॅक्सीत विचारायचं होतंस, ओट्याशी विचारायचं होतंस. तुला माझ्याबद्दल इतकी खात्री कशाची होती? ती पोरगी ठणठणीत आहे. संध्याकाळी लगूनच्या, खाडीच्या कडेने चाकांचे बूट घालून फिरते, मला "हाय अंकल" म्हणते, मराठीचं एक अक्षर येत नाही तिला. तिच्या आजीने हॉल पुन्हा बदलला, आता सगळं पांढरं आणि काचेचं आहे. बंब, घंगाळ, जातं कुठे गेलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि ते ऐकून घेणं माझ्याने झालं नसतं. हा एवढा खटाटोप तू एका अशा घरासाठी केलास, जिथे तुझं नावही कुणाला आठवत नाही. चुकीच्या माणसाच्या चुकीसाठी, चुकीच्या घरासाठी. ह्याला मी पुण्य म्हणायचं का? मला तर हा अव्यवहार वाटतो, आणि मी तो बोलून दाखवतो, कारण आता तू मला गप्प बसवू शकत नाहीस.

इथपर्यंत लिहून मी हे ताईला पाठवणार होतो, म्हणजे निदान तिच्यापुरता तरी माझ्यावरचा आळ गेला असता. पाकीटही आणलं होतं. पण पुन्हा वाचताना माझा तो नियम आला, भोक न पाडायचा, आणि मला थांबावं लागलं, कारण मी मापात चूक खपवून घेत नाही, ती माझी असली तरी. नियम खरा आहे. लाकडाला आणि पितळेला मी तो पाळला, कारण तिथे मला भोक पाडता येत होतं आणि मी पाडत नव्हतो. दगडाचं तसं नव्हतं. वहिनी ते पान घेऊन आल्या तेव्हा काळ्या दगडाला पोटातून आरपार भोक कसं नेतात, कुठलं बिट लागतं, पाणी किती सोडायचं, दोन्हीकडून कसं भिडवायचं, ह्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. वरवंटा बारशाला लागतो ह्याची मला आठवणही झाली नव्हती. दगड फुटला तर गल्लीत हसू होईल, एवढंच डोक्यात होतं. कुणाला न विचारता मी ते नंतर शिकलो, यार्डातले टाकाऊ दगड फोडत फोडत. हे पाकीट आता रिकामंच राहील. वहिनी वर्षभराने आल्या असत्या, तर मी त्यांना नाही म्हटलं नसतं. पाडलं असतं मी ते भोक, आई. मधोमध पाडलं असतं, एवढंच.